टॉर्क बघायचा तो जोडापाशी

इंग्लंडमधल्या स्नेटिशॅमच्या मोठ्या टॉर्कचा, म्हणजे गळ्यातल्या सोन्याच्या कड्याचा, फोटो बघितला की नजर आधी जाते ती त्याच्या दोन टोकांवरच्या नक्षीकडे. नक्षी देखणी आहेच. पण घडवणाऱ्याचं कसब आणि त्याची धाकधूक, दोन्ही दिसतात ती जरा मागे, पिळलेल्या तारांची जुडी टोकाच्या पोकळ कड्यात शिरते तिथे. केल्टांच्या, म्हणजे प्राचीन युरोपातल्या एका समूहाच्या, सोन्याच्या गळ्यातल्यांवर अर्थांचा मुलामा फार चढवला जातो: सत्ता, देवत्व, वीरश्री. त्यातलं काही खरं आहे, त्याकडे येऊच. आधी वस्तू कशी बनली ते बघू.

टॉर्क म्हणजे गळ्यात घालायचं ताठ कडं, बहुतेक वेळा समोरून उघडं. नाव लॅटिन, ‘तोर्क्वेरे’ म्हणजे पिळणे यावरून आलेलं. आपल्याकडची सरी किंवा पोरांच्या गळ्यातली हासळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना घाट लगेच कळेल. नातं मात्र घाटापुरतंच. नावाने एक घोटाळा करून ठेवला आहे तो आधीच निस्तरतो. प्रत्येक टॉर्क पिळलेला नसतो आणि प्रत्येक पिळलेलं कडं केल्टांचं नसतं. आयर्लंडमधल्या ‘तारा’ नावाच्या ठिकाणचे प्रसिद्ध टॉर्क सुमारे इ.स.पू. १२०० चे, म्हणजे कांस्ययुगातले. एका सळईला ठोकून पात्यासारख्या कडा काढायच्या आणि मग पीळ द्यायचा, अशी त्यांची रीत. ज्यांना ग्रीक आणि रोमन लोक केल्ट किंवा गॉल म्हणत त्यांचे टॉर्क यानंतर काही शतकांनी येतात आणि त्यांत पिळलेले, पत्र्याचे पोकळ आणि भरीव असे सगळेच प्रकार आहेत.

आता तो मोठा टॉर्क. इंग्लंडच्या नॉर्फकमध्ये स्नेटिशॅम गावाजवळ केन हिल नावाची टेकडी आहे. १९४८ मध्ये तिथे नांगराला पहिलं सोनं लागलं आणि १९५० मध्ये हा टॉर्क निघाला. वजन एक किलोहून थोडं जास्त, सुमारे १०८० ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर १०८ तोळे. व्यास सुमारे २० सेंटिमीटर. आत ६४ तारा: आठ तारांची एक दोरी, अशा आठ दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या. एकेक तार सुमारे १.९ मिलिमीटर जाडीची.

या तारांपाशी थांबायला हवं, कारण त्या काळी तार ओढत नसत. आपल्या सोनाराकडे जंतर असतं, म्हणजे लहान होत गेलेल्या भोकांची पोलादी पट्टी. तार एकेका भोकातून ओढली की गोल आणि एकसारखी निघते. लोहयुगातल्या ब्रिटनमध्ये ही सोय नव्हती. ओतलेली कांडी ऐरणीवर ठोकायची, आधी चौकोनी, मग चौकोनाचे कोपरे मारून अष्टकोनी, मग गोल आणि शेवटी दोन सपाट पृष्ठांमध्ये लाटायची. कांडी सुरुवातीपासूनच गोल ठोकत गेलं तर बाहेरची कातडी लांबते, आतला गाभा मागे राहतो आणि मधोमध पोकळ चीर पडते. ही चीर वरून दिसत नाही. दिसते ती पीळ देताना, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. दुसरी नेहमीची चूक घडीची. कोपरा तिरका बसला की धातूची बारीक घडी पडते, पुढच्या घावांनी ती दाबली जाते पण जुळत नाही, आणि तारेवर लांबोडी भेग म्हणून राहून जाते.

ठोकलं की धातू कडक होतो, त्याला ताव द्यावा लागतो. सोन्या-चांदी-तांब्याच्या मिश्रणाला मंद लालसर रंग येईपर्यंत तापवायचं आणि निववायचं. हा रंग उन्हात दिसत नाही, म्हणून भट्टी सावलीत किंवा अंधाऱ्या जागी हवी. कमी ताव दिला तर पुढच्या फेरीत तडा जातो. जास्त दिला तर धातूचे कण मोठे होतात, पृष्ठ संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत होतं आणि आणखी पुढे गेलं तर बारीक तार बघता बघता वितळून गोळी होते. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं. चांदी आणि तांबं मिसळलं की हा आकडा बराच खाली येतो. आता हे सगळं ६४ वेळा, एकाच जाडीत, एकाच लांबीत करायचं आहे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. लिलावात ‘केल्टिक’ म्हणून तारेचा टॉर्क दिसला तर भिंगाखाली तार बघावी. लांबीच्या दिशेने सरळ, समांतर ओरखडे असतील तर ती भोकातून ओढलेली तार आहे आणि वस्तू नवी असण्याचीच शक्यता जास्त. ठोकलेल्या तारेवर बारीक पैलू दिसतात. पट्टी पिळून केलेल्या तारेवर जिन्यासारखी फिरत जाणारी शिवण दिसते. ही पद्धत प्राचीन जगात सगळीकडे होती.

पीळ देताना किती तार लागते याचा अंदाज चुकला तर सगळं फसतं. हिशोब अवघड नाही. १.९ मिमीच्या आठ तारा गोलाकार एकमेकींना चिकटून उभ्या केल्या तर त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या अडीच मिमी भरते. समजा दर २० मिमीला एक वेढा द्यायचा आहे. तर तेवढ्या दोरीसाठी प्रत्येक तार सुमारे २५.४ मिमी लागते, म्हणजे पाव हिस्सा जास्त. आणि हा फक्त पहिला पीळ. आठ दोऱ्या एकमेकींत पिळल्या की लांबी पुन्हा आखडते. वेढा जितका घट्ट, तितकी तार जास्त. आठांतली एक तार जरा सैल राहिली तर ती बाजूला उचलली जाते, मुरड पडते आणि ती मुरड नंतर बसवता येत नाही. सगळी दोरी उकलावी लागते. म्हणून टोकं आधीच पक्की बांधावी किंवा जोडावी लागतात, आणि पीळ एका दमात न देता थोडा पीळ, मग ताव, मग पुन्हा पीळ असं करावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? भरीव सळई का नाही? त्याचं उत्तर वाकवण्यात आहे. दोन सेंटिमीटर जाडीची सळई दहा सेंटिमीटर त्रिज्येत वाकवली तर तिच्या बाहेरच्या पृष्ठाला सुमारे दहा टक्के ताण पडतो. दोन मिलिमीटरच्या तारेला त्याच वाकात एखादाच टक्का. शिवाय पिळामुळे प्रत्येक तार कधी बाहेरच्या अंगाला, कधी आतल्या अंगाला येते, त्यामुळे एकाच तारेवर सगळा बोजा पडत नाही. तारांचा टॉर्क गळ्यात घालता-काढताना लवतो. तितक्याच जाडीचा भरीव टॉर्क लवणारच नाही.

आता जोड. तारांच्या जुडीच्या टोकाला गोल, पोकळ कडं बसवायचं, ते कसं? इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांवर अभ्यासक अजून भांडतात.

पहिली वाट ओतकामाची. तारांच्या टोकावर मेणाचं कडं घडवायचं, नक्षीही मेणातच काढायची, सगळ्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण गाळायचं आणि रिकाम्या जागेत रस ओतायचा. इंग्लंडमध्येच इप्सविचजवळ १९६८ साली घरांच्या वसाहतीचं काम चालू असताना पाच टॉर्क निघाले, सहावा नंतर मिळाला. त्यांची टोकं अशीच जागेवर ओतलेली आहेत आणि काहींवर शेवटची सफाई राहून गेली आहे. अभ्यासकाला अर्धवट वस्तू पूर्ण वस्तूपेक्षा जास्त आवडते ती यासाठी. या पद्धतीत धोका उष्णतेचा आहे. रस फार गरम असेल तर आधीच बसवलेल्या बारीक तारा त्यात विरघळतात. फार थंड असेल तर रस तारांना नुसता वेढून बसतो, एकजीव होत नाही, आणि पुढे काही वर्षांनी टोक हलायला लागतं. जाड सळयांच्या टॉर्कला ही पद्धत मानवते, कारण सळई उष्णता शोषून घेते. ६४ बारीक तारांच्या जुडीला ती कशी मानवली असेल, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी वाट पत्र्याची. इंग्लंडमधल्या नेवार्कला २००५ मध्ये सापडलेला सुमारे ७०० ग्रॅमचा टॉर्क आणि स्कॉटलंडमधल्या नेदरअर्डला १८०६ साली सापडलेलं एकटं टोक, दोन्हींची टोकं दिसायला स्नेटिशॅमच्या मोठ्या टॉर्कच्या भावंडांसारखी. दोन्ही ओतलेली आहेत असंच बरीच वर्षं धरून चालत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडणी झाली की ही पत्र्यातून घडवलेली आहेत: पत्रा ठोकून, मागून उठाव देऊन, तुकडे वाकवून एकमेकांत बसवलेले. त्यातून मोठ्या टॉर्ककडेही तीच शंका वळली. मला पत्र्याची बाजू पटते. एक तर मेणात ओतलेल्या नक्षीचे उंचवटे आणि मागून ठोकून काढलेले उंचवटे आतून वेगळे दिसतात. ठोकलेल्याच्या आत तोच आकार खड्डा म्हणून उमटतो. दुसरं, एवढं मोठं पोकळ ओतकाम करायचं तर आत मातीचा गाभा नेमका मधोमध धरून ठेवावा लागतो, नाहीतर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडे भोक. पत्र्याच्या कारागिराला ही भीती नाही. त्याची भीती वेगळी: उठाव देताना पत्रा एकाच जागी ताणत गेला तर तिथे फाटतो, आणि शेवटची शिवण बंद करताना डाक वितळायच्या नेमक्या तापमानाला आधीची शिवण उघडू शकते.

नक्षीत एक खूण ब्रिटनची खास. उंच भागांच्या मधल्या जागेत चटई विणल्यासारख्या आडव्या-उभ्या रेघा कोरलेल्या असतात. प्रकाश तिथे मंदावतो आणि शेजारचा गुळगुळीत उंचवटा उठून दिसतो.

पत्र्याच्या कामाचा कळस बघायचा तर डब्लिनला, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात. आयर्लंडच्या उत्तरेला लिमावॅडीजवळ ब्रॉइटर इथे १८९६ मध्ये नांगरताना जो साठा निघाला त्यातलं नळीचं कडं. दोन अर्धवर्तुळाकार नळ्या, उंच नक्षीभोवतीच्या रिकाम्या जागेत कंपासने काढलेल्या कमानी, आणि समोर खिट्टी: एका टोकावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा खुंट, दुसऱ्यात तशीच खाच; खुंट आत घालून फिरवला की बंद. पोकळ नळी नुसती वाकवली तर आतल्या अंगाला चुण्या पडतात, म्हणून वाकवण्याआधी ती मेण किंवा राळ यांसारख्या कशाने तरी भरावी लागते. याच साठ्यात वल्ह्यांसकटची सोन्याची छोटी होडीही आहे. साठा आधी ब्रिटिश म्युझियमने ६०० पौंडांना घेतला. मग तो लंडनमध्ये राहावा की आयर्लंडला जावा यावर खटला झाला. मुद्दा असा की सोनं समुद्रदेवाला कायमचं वाहिलं होतं की परत काढण्याच्या इराद्याने पुरलं होतं? परत काढायचं असेल तर ते कायद्याने गुप्तधन, म्हणून राजाचं. १९०३ मध्ये न्यायालयाने राजाच्या बाजूने कौल दिला आणि साठा आयर्लंडला गेला. नवस मानला गेला असता तर आज ते कडं लंडनला असतं.

युरोपच्या मुख्य भूमीवरचे बरेच टॉर्क या ब्रिटिश दोऱ्यांपेक्षा जुने आणि घाटाने निराळे. फ्रान्सच्या बरगंडीत विक्स इथे १९५३ साली एका स्त्रीचं दफन मिळालं, सुमारे इ.स.पू. ५०० चं. तिच्याजवळ ४८० ग्रॅमचा सोन्याचा टॉर्क होता. टोकांना गोळे, गोळ्यांवर सिंहाचे पंजे आणि वळणात बसवलेले इवलेसे पंखवाले घोडे. सुरुवातीला तो मुकुट समजला गेला. जर्मनीतल्या होखडोर्फच्या सरदाराच्या दफनातलं कडं त्याहून थोडं आधीचं, साधं, १४४ ग्रॅमचं. स्वित्झर्लंडमध्ये एर्स्टफेल्डला १९६२ मध्ये एका प्रचंड धोंड्याखाली चार गळ्यातली आणि तीन हातातली कडी मिळाली, सातांचं मिळून वजन सुमारे ६४० ग्रॅम. पोकळ असल्याशिवाय एवढं हलकं होत नाही. स्पेनच्या गॅलिशियात उलट गंमत: बुरेलाचा टॉर्क १.८ किलोचा. तो रोज घालायचा दागिना म्हणून पटत नाही.

धातूबद्दल थोडं. स्नेटिशॅमच्या कारागिरांनी सोन्यात चांदी आणि तांबं मोकळ्या हाताने मिसळलं आहे, कस टॉर्कागणिक बदलतो. मिसळ म्हणजे फसवणूकच, असं समजायचं कारण नाही. शुद्ध सोन्याची तार इतकी मऊ असते की कडं सहज आकार सोडेल. चांदी-तांब्याने तिला दम येतो. रंगाचा प्रश्न उरतो. तांबं असलेला धातू तापवला की वरचं तांबं काळं पडतं, ते आंबट द्रावणाने धुतलं की पृष्ठावर सोन्याचं प्रमाण वाढतं. हे पुन्हा पुन्हा केलं तर आतून फिका तुकडा वरून पिवळा दिसतो. म्हणून नुसत्या पृष्ठाची तपासणी करून काढलेला कस फसवा निघतो. तुटलेल्या जागी मोजलं तरच खरा आकडा मिळतो. कच्च्या मालाचा एक स्रोत गॉलमधून, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधून, येणारी सोन्याची नाणी असावीत असं मानतात. मोठ्या टॉर्कमध्ये एक नाणं अडकलेलं सापडलं, त्यावरून तो सुमारे इ.स.पू. ७५ च्या आसपास पुरला गेला असं धरतात.

घालायचा कसा, हे चित्रांत नेहमी चुकीचं दाखवतात. दोन टोकं धरून समोरून फाकवायची नाहीत. एक टोक पुढे आणि एक मागे असं, किल्ली फिरवल्यासारखं उघडायचं, मानेच्या बाजूने सरकवायचं आणि तसंच परत मिटवायचं. फाकवलं तर सगळा वाक मानेमागच्या एकाच बिंदूवर येतो आणि काही वेळांतच तिथे तार तुटते. नीट उघडलं तरी थकवा साचतोच. म्हणून संग्रहालयात मिळालं तर टॉर्कची मागची बाजू बघावी: झिजलेले पीळ, तुटक्या तारा, दुरुस्तीच्या खुणा तिथे दिसतात. फ्रान्सच्या मार्न भागातल्या काही कांस्याच्या टॉर्कांत ही अडचण मुळातच सोडवली आहे; कड्याचा एक तुकडा सुटा होतो, खुंटी-खाचेने परत बसतो.

कोण घालायचं? रोमन वर्णनं वाचली की टॉर्क म्हणजे योद्ध्याचा दागिना वाटतो. इटलीतल्या तेलामोनच्या लढाईत, इ.स.पू. २२५, आघाडीचे गॉल उघड्या अंगाने, फक्त सोन्याचे टॉर्क आणि कडी घालून उभे होते असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला ‘मरणोन्मुख गॉल’ हा पुतळाही नग्न आहे, गळ्यात टॉर्क तेवढा. इ.स.पू. ३६१ मध्ये तितुस मॅन्लिउस या रोमनाने एका धिप्पाड गॉलला मारून त्याचा टॉर्क स्वतःच्या गळ्यात घातला आणि घराण्याला तोर्क्वातुस हे नाव पडलं, ही रोमन इतिहासकार लिव्हीची कथा. पण दफनं वेगळं सांगतात. विक्स, जर्मनीतली राइनहाइम आणि वाल्डाल्गेसहाइम: सोन्याच्या टॉर्कांसह पुरलेल्या या तिन्ही स्त्रिया. रोमनांविरुद्ध लढलेल्या ब्रिटनच्या बूदिका राणीच्या गळ्यात मोठं सोन्याचं पिळाचं कडं होतं असं इतिहासकार कासिउस दियो सांगतो. पुरुषाचा पुरावा हवा तर जर्मनीत ग्लाउबेर्गला १९९६ मध्ये मिळालेला वालुकाश्माचा पुतळा आहे, १.८६ मीटर उंच. त्याच्या गळ्यातल्या टॉर्कला तीन लोंबते मणी आहेत आणि शेजारच्या थडग्यात तसाच खरा सोन्याचा टॉर्क निघाला. दगडातला दागिना आणि सोन्यातला दागिना असा समोरासमोर क्वचितच येतो.

रोमनांनी पुढे टॉर्कचं पदक करून टाकलं. शूर सैनिकाला ते द्यायचे, पण तो गळ्यात नाही, छातीवर अडकवून मिरवायचा. रोमन लेखक क्विंटिलियनने यावर एक किस्सा दिला आहे. गॉलांनी सम्राट ऑगस्टसला शंभर पौंडांचा सोन्याचा टॉर्क नजर केला, म्हणजे आजचे जवळजवळ ३३ किलो. दोलाबेला नावाच्या रोमनाने थट्टेत, पण जरा आशेनेही, तो बक्षीस मागितला. ऑगस्टस म्हणाला, तुला मी नागरी मुकुट देणं पसंत करीन. तो मुकुट ओकच्या पानांचा असतो.

स्नेटिशॅमला सोनं पुरायचीही पद्धत होती. टेकडीवर किमान १४ साठे मिळाले. १९९० मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एकाला नवे सापडल्यावर ब्रिटिश म्युझियमने उत्खनन केलं. लहान खड्डे, त्यांत टॉर्क घरट्यासारखे एकात एक रचलेले. एका खड्ड्यात वर हलक्या धातूंचे टॉर्क, मग मातीचा थर, आणि त्याखाली सोन्याचा खरा ऐवज. चोराला वरच्यावर समाधान मानायला लावण्याची ही युक्ती असावी, हा तर्क मला पटतो. नवसाचे अर्पण मानणारेही आहेत. पण देवाला वाहिलेल्यावर खोटं झाकण कशाला घालतील?

ब्रिटिश म्युझियममध्ये जाणार असाल तर मोठ्या टॉर्कनंतर त्याच नॉर्फकचा सेजफर्ड टॉर्क शोधा. तोही पिळलेल्या तारांचा. १९६५ मध्ये शेतात कुळव चालताना तो सापडला तेव्हा त्याचं एक टोक गायब होतं, जोडापासून तुटलेलं. ते टोक त्याच परिसरात २००४ मध्ये मिळालं, ३९ वर्षांनी.